कोरड्या तोंडानं

काकूंच्या घरातून आजवर कोणी कोरड्या तोंडानं गेलं नव्हतं. निदान काकूंचं तसं म्हणणं होतं, आणि काकूंच्या म्हणण्याला घरात, जिन्यात किंवा इमारतीच्या कमिटीत सहसा कोणी हरकत घेत नसे. नळवाला, वीजवाला, पडदेवाला, गच्चीवरची टाकी धुणारे दोघं, सगळे काकूंचा चहा पिऊन गेले होते. एकदा फ्रिज दुरुस्त करणारा तिसऱ्याऐवजी चुकून दुसऱ्या मजल्यावर आला, तर त्यालाही काकूंनी चहा घेतल्याशिवाय वर जाऊ दिलं नव्हतं. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्यांचं दूध नासलं, पण त्याला काकूंचा इलाज नव्हता.

कामाला आलेल्या माणसाशी कसं वागावं याची काकूंची स्वतःची नियमावली होती. लहान असो मोठा असो, अहो-जाहो करायचं. चहा घरच्या कपबशीतच द्यायचा, कारण कामवाल्यांसाठी वेगळे कप ठेवणाऱ्या लोकांची काकूंना मनस्वी चीड होती. साखर विचारून घालायची. आणि माणूस काम करत असताना त्याच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. काकू दाराआड उभ्या राहत.

सोमवारी सकाळी रंगवाली आली. पस्तिशीची, सडसडीत, खांद्यावर शिडी आणि हातात बादली, बादलीत ब्रश, रोलर आणि पॉलिश पेपरच्या गुंडाळ्या. दोन खोल्या आणि बाल्कनी, असं चार दिवसांचं काम होतं. या इमारतीत ती सहा वर्षं कामं करत होती, पण काकूंकडे पहिल्यांदाच येत होती.

“या, या. घर आपलंच समजा,” काकूंनी नेहमीचं स्वागत सुरू केलं. “पंखा लावा, खिडक्या उघडा, काही लागलं तर हाक मारा. फक्त एकच. बाथरूमला जायचं झालं तर खाली, पार्किंगच्या मागे सोय आहे. घरातलं कामाच्या माणसांनी वापरू नये असा कमिटीचा नियम आहे हो, माझा नव्हे.”

कमिटीच्या सेक्रेटरी गेली पाच वर्षं काकूच होत्या. पण नियम वेगळा आणि माणूस वेगळा, एवढं तर कोणालाही कळतं.

“माहीत आहे,” रंगवाली म्हणाली.

“छान. मग आधी चहा टाकते.”

“नको, काकू.”

काकू हसल्या. पहिलं नको सगळेच म्हणतात, ती रीतच असते. “बरं, कॉफी?”

“नको.”

“लिंबाचं सरबत करते. थंडगार.”

“खरंच काही नको. कामावर असताना मला तहान लागत नाही.” एवढं बोलून ती चादर पसरायला वळली.

काकू स्वयंपाकघरात आल्या आणि काकांपुढे उभ्या राहिल्या. काका पेपर वाचत होते. निवृत्त झाल्यापासून ते पेपर दुपारपर्यंत पुरवून वाचत.

“अगदी आईसारखं बोलली बघा,” काकू म्हणाल्या.

काकूंची आई घरोघरी जाऊन शिवणकाम करायची. सुट्टी असली की नऊ वर्षांच्या काकू तिच्याबरोबर जात. एका बड्या घरात जिन्याखाली बसून आईनं सकाळपासून दिवे लागेपर्यंत पडदे शिवले होते, आणि त्या सबंध दिवसात घरातल्या एकाही माणसानं मायलेकींना पाणी विचारलं नव्हतं. काकूंनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं की आपलं घर झालं की आपल्याकडे असं कधी होऊ द्यायचं नाही. बाकी आई कामाची मोठी पक्की. जिथे कोणी आपणहून विचारत तिथेही ती नकोच म्हणायची. “कामावर असताना मला तहान लागत नाही.” घरी आल्यावर मात्र उभ्या उभ्या तीन पेले पाणी प्यायची. काकू ही गोष्ट आईच्या कष्टाळूपणाची म्हणून सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज भरून येई.

तर अशा घरात एका रंगवालीनं तीन वेळा नको म्हणून दाखवलं. संध्याकाळी ती निघताना काकूंनी पाहिलं, तिची स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा जेमतेम दोन बोटं उतरली होती.

“उद्या घेईल,” काका म्हणाले.

“घेईल म्हणजे? घ्यायलाच पाहिजे,” काकू म्हणाल्या.

मंगळवारी काकूंनी कंबर कसली. दहा वाजता आल्याचा चहा, अकराला संत्र्याचा रस, बाराला ताक, तीनला पुन्हा चहा, तोही नव्या कपबशीत, जी लग्नाच्या वाढदिवसालाच बाहेर येत असे. रंगवाली दर वेळी हात पुसून वळायची, नीट बघून नको म्हणायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करायची. खायचं मात्र तिला वावडं नव्हतं. काकूंनी घरी केलेला केक तिनं घेतला. सुक्या केकचा मोठा तुकडा ती घोटभर पाण्याशिवाय चावून चावून गिळत होती, आणि दाराआडून बघणाऱ्या काकूंचाच घसा कोरडा पडत होता.

“पाणी तरी!” काकूंना राहवलं नाही.

“आहे माझ्याकडे,” ती भरल्या तोंडानं म्हणाली आणि बाटली ओठांना लावल्यासारखं केलं.

दुपारी ती बाल्कनीत गेली. तिथे कोपऱ्यात रबराचं एक झाड होतं, म्हणजे कधीकाळी होतं. आता कुंडीत एक काठी होती आणि काठीला अडीच पानं. भिंत घासायची म्हणून तिनं कुंडी सरकवली आणि मागची भिंत बघत जरा वेळ उकिडवी बसली.

“काय झालं असेल हो याला?” काकूंनी दारातून विचारलं. “किती खतं घातली. कमी पाणी देऊन पाहिलं, जास्त देऊन पाहिलं. आणि या मुंग्या! हटतच नाहीत. वरच्या मजल्यावरून कोणीतरी काहीतरी टाकत असणार.”

“असेल,” रंगवाली म्हणाली आणि पॉलिश पेपर हातात घेतला.

रात्री काकूंनी जेवताना काकांना धारेवर धरलं. नळवाला दोन-दोन कप प्यायचा. वीजवाला तर रिकामी कपबशी परत देताना “वा काकू, फर्मास चहा!” असं म्हणाला होता, आणि काकूंनी “अहो, काहीतरीच काय” असं म्हणून ते वाक्य जन्मभरासाठी जपून ठेवलं होतं. मग हिलाच कसला एवढा तोरा? आपल्या घराला नावं ठेवायला आली आहे का? आणि ही गोष्ट समोरच्या दारी कळली म्हणजे?

समोरच्या दारी राहणाऱ्या बाईंचा उल्लेख काकू ‘समोरची’ एवढाच करत. समोरची म्हणजे अव्यवस्थेचा नमुना. तिच्याकडे कानतुटके कप होते, बिस्किटं उघड्या डब्यात मऊ पडलेली असत, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत येई, आणि कमिटीच्या मीटिंगला ती केसांना तेल लावून येत असे.

बुधवारी रंगवालीनं समोरचीचं काम घेतलं. मोठं नव्हतं, नुसता दाराला एक हात मारायचा होता. काकूंच्या खोलीतला पहिला हात वाळेपर्यंतचा तासभर मोकळाच होता, तेवढ्यात होईल म्हणाली. काकूंनी परवानगी दिली आणि दाराच्या भिंगाला डोळा लावला.

भिंगातून जे दिसलं त्यानं काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. समोरचं दार सताड उघडं. दारातच बाकड्यावर रंगवाली पाय पसरून बसलेली. हातात कानतुटका कप. तिनं तो संपवला, पुढे केला, समोरचीनं पुन्हा भरला. दुसरा कप! त्यावर एक मोठा पेला पाणी, घटाघटा, डोकं मागे टाकून. आणि ती हसतही होती. तीन दिवसांत काकूंना तिचा एक दात दिसला नव्हता.

“अहो, बघा! बघा तुम्ही!” काकूंनी काकांना ओढत आणलं.

काकांनी भिंगातून पाहिलं. “तहान लागलेली दिसते,” ते म्हणाले.

“माझ्या घरात नाही लागत! आणि तिकडे बरी लागते!”

रंगवाली परत येऊन शिडीवर चढल्यावर काकू एक वाटी घेऊन समोर गेल्या. वाटी समोरचीची नव्हती, पण रिकाम्या हातानं कसं जायचं?

“ही तुमची का?” काकूंनी विचारलं.

“नाही हो. पण असू दे, ठेवा,” समोरची म्हणाली.

काकूंनी वाटी मागेच धरली. “आमची रंगवाली चहा प्यायली का हो तुमच्याकडे? नाही, सहज विचारलं. तिला चालत नाही म्हणे.”

“चालत नाही? दोन कप प्यायली. चहाही कसला, सकाळचाच गरम केला होता मी.”

सकाळचा! “तुम्ही फार आग्रह केलात वाटतं.”

“आग्रह कसला? ती आली तर मी म्हटलं, बाथरूम डावीकडे आहे, दिव्याचं बटण बाहेर आहे, कडी लागत नाही तेव्हा गाणं म्हण. ती आधी तिकडे गेली. बाहेर आली आणि म्हणाली, ताई, आता चहा द्या.” समोरचीनं कानतुटके कप उचलले. “दिवसभर जायला जागा नसली तर कोण कशाला पिईल? बाईमाणूस आहे. मागे असंच रोखून धरून तिला मूतखड्याचा त्रास झाला, आठ दिवस कामावर नव्हती.”

“जागा नाही कशी? मी स्वतः सांगते सगळ्यांना. खाली सोय आहे. या अख्ख्या इमारतीत तेवढा विचार फक्त मी केला होता.”

समोरची काकूंकडे बघतच राहिली. “अहो, त्याला कुलूप आहे. तुम्हीच लावलंत ना?”

काकू लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली गेल्या. पार्किंगच्या मागे, सायकलींच्या सांगाड्यांपलीकडे, ते दार होतं. दारावर कुलूप होतं आणि कुलपावर गंज. दाराला टेकून कोणीतरी जुनी गादी उभी करून ठेवली होती. गादीच्या वर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली नोटीस अजून छान वाचता येत होती. दुर्गंधीच्या तक्रारीमुळे ही सोय दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे. खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि काकूंची सही. वळणदार, ठसठशीत.

एका मीटिंगला काकूंनी ठराव केला होता की कामगारांनी घरातलं न वापरता खालचं वापरावं. पुढच्या मीटिंगला ठराव केला की खालचं बंद करावं. दुरुस्तीचा विषय त्यापुढच्या मीटिंगला होता, पण त्या दिवशी पार्किंगवरून भांडण जुंपलं आणि तो राहून गेला. दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले होते. दोन्ही एका माणसानं एकाच वेळी वाचावेत अशी मात्र कोणी सूचना मांडली नव्हती, आणि काकूंचं स्वागताचं भाषण तर इतकं तोंडपाठ होतं की त्यात बदल करायचं कधी सुचलंच नाही.

काकू त्या गादीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. कामावर असताना मला तहान लागत नाही. आई कुठे जात असेल? इतकी घरं, इतकी वर्षं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. पाणी विचारणारी घरं होती, चांगली घरं होती, आणि तिथेही आई नको म्हणायची. काकूंनी तो कष्टाळूपणा समजून साठ वर्षं लोकांना कौतुकानं सांगितला. काकूंना रडू आलं. पार्किंगमध्ये सेक्रेटरीनं रडणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी पदरानं कुलपावरची धूळ पुसल्यासारखं केलं.

घरी येऊन त्यांनी ड्रॉवर उपसला. किल्ली जागच्या जागी होती, चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर काकूंचंच अक्षर.

“तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी काकांना विचारलं.

“कुलूप आहे ते? हो. मीच तर धरलं होतं, तू किल्ली फिरवलीस.”

“आणि दोन वर्षं मी सगळ्यांना खाली पाठवत होते, तेव्हा बोलला नाहीत?”

काकांनी पेपर खाली केला. “मला वाटलं, तुझा विनोद आहे.”

संध्याकाळी दोघं तेलाची बाटली घेऊन खाली गेली. किल्ली कुलपात गेली, अर्धी फिरली आणि तुटली. म्हणजे आता परस्पर निभावून नेण्याचा मार्ग संपला होता. उरली काकूंच्या घरातली पाहुण्यांची बाथरूम, जिथे शिंपल्याच्या आकाराचे साबण वाटीत मांडून ठेवलेले होते आणि ते ओले करायची काकांनाही मनाई होती.

गुरुवारी, शेवटच्या दिवशी, काकू सकाळपासून ते वाक्य जुळवत होत्या. चहा घेता का, हे काकू झोपेतही म्हणू शकत होत्या. पण हे कसं म्हणायचं? तुम्हाला जायचं असेल तर? कुठे जायचं ते सांगायला नको? आणि कालपर्यंत का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं तर? कमिटीचा नियम बदलला म्हणावं, तर मीटिंग कधी झाली? चाळीस वर्षांचं आदरातिथ्य, आणि त्यात एवढ्या साध्या गोष्टीला एक शब्द नव्हता. काकू तीनदा खोलीच्या दारापर्यंत गेल्या. एकदा उकाडा फार आहे म्हणाल्या, एकदा रंग छान बसला म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा काहीच न बोलता परत आल्या.

तीन वाजता रंगवाली शिडीच्या दुसऱ्या पायरीवर टेकून बसली. तिनं कपाळ दंडाला टेकवलं, डोळे मिटले आणि क्षणभरानं पुन्हा रोलर उचलला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

काकू तरातरा गेल्या, पाहुण्यांच्या बाथरूमचं दार उघडलं, दिवा लावला, आणि खोलीच्या दारात येऊन एकदम मोठ्यानं म्हणाल्या, “अगं, जा! दिवा लावलाय!”

अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. रंगवालीनं वळून पाहिलं. पलीकडचं उघडं दार पाहिलं, दिवा पाहिला. तिला कळलं. पण हातातला रोलर ओला होता.

“एवढी भिंत संपवते,” ती म्हणाली. “मध्येच सोडली तर सांधा दिसतो.”

काकू तशाच उभ्या राहिल्या, दाराआड नव्हे, दारात. भिंत संपायला वीस मिनिटं लागली. काकूंना ती आपल्यालाच रोखून धरायची असल्यासारखी गेली.

रंगवाली बाथरूममधून बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं आणि अंगाला शिंपल्याच्या साबणाचा वास येत होता. ती स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली.

“आता द्या चहा,” ती म्हणाली.

काकूंनी चहा टाकला. साखर विचारायची राहून गेली, कपबशीही रोजचीच निघाली. रंगवालीनं आधी दोन पेले पाणी पिऊन घेतलं, मग चहा. पहिला घोट घेऊन ती थांबली.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “माझा भाऊ म्हणायचा, खोटं नव्हतं त्याचं.”

“तुझा भाऊ?”

“तो वीजवाला. तुमच्याकडे पंखे बसवून गेला नाही का, गेल्या वर्षी?”

काकूंचा चेहरा उजळला. अखेर एक तरी साक्षीदार मिळाला होता. “तो होय! किती गुणी मुलगा. त्याला फार आवडला होता माझा चहा. दोन्ही दिवस रिकामा कप परत दिला होता त्यानं.”

रंगवालीनं कपाच्या कडेवरून काकूंकडे पाहिलं. सांगावं की नाही, असा तिचा विचार चाललेला दिसत होता. मग तिनं बाल्कनीकडे मान वळवली.

“कुंडीमागची भिंत मी दोनदा घासली, काकू. चहाचे ओघळ होते, सगळीकडे. एकट्या माझ्या भावाचे नाहीत, दोन वर्षांत जे जे आले असतील त्या सगळ्यांचे. त्यांना तोंडावर नको म्हणायला जड जातं. तुम्ही एवढ्या मायेनं देता.”

काकूंनी बाल्कनीत पाहिलं. नव्या कोऱ्या भिंतीपुढे काठी उभी होती, अडीच पानांची, आणि मुंग्यांची रांग शिस्तीत कुंडीत चढत होती.

“त्याला वाईट वाटलं हो ओतताना,” रंगवाली म्हणाली. “घरी येऊन म्हणाला, काय फर्मास चहा होता, नुसत्या वासावरून कळत होतं.”

आणि काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या चहाच्या कौतुकावर, “अहो, काहीतरीच काय” असं म्हटलं नाही.